चिंचिला रात्रभर गज चावतो : आणखी एक खेळणं आणण्याआधी

प्रश्न निपाणीहून आलेला आहे. दोन वर्षांचा एकटा नर चिंचिला (दाट फरचा, उंदीर-खारीच्या वर्गातला छोटा पाळीव प्राणी). पिंजरा दोन फूट लांब, दीड फूट खोल, दोन फूट उंच, ठेवलाय गच्चीवरच्या खोलीत. आत आठ इंची प्लास्टिकचं चाक, प्लास्टिकचं घर आणि खाण्याची वाटी. दिवसभर तो कोपऱ्यात बसून असतो आणि रात्री अकरानंतर गज चावायला लागतो तो पहाटेपर्यंत. उजव्या कुशीवरचे केस विरळ झालेत. तीन-चार खेळणी आणून टाकली, ती हुंगून सोडून देतो. अजून काय आणावं म्हणजे तो रमेल?

सध्या काहीच आणू नका. दिवसा कोपऱ्यात बसणं हा कंटाळा नाही, ती त्याची झोप. संध्याकाळी उठून रात्रभर वावरणारा हा प्राणी आहे. खरी तक्रार रात्रीची, आणि तिचं कारण तुम्ही दिलेल्या मापांतच आहे. चढायला उंची नाही, दाताखाली घ्यायला लाकूड नाही, खाणं वाटीत आयतं मिळतं. मग राहिलं काय, तर गज. खेळणी हा या यादीतला शेवटचा विषय आहे. पण त्याआधी दुखणं आणि उकाडा, या दोन शंका फेडून घ्या, कारण दुखणाईत किंवा तापलेला चिंचिलाही नेमका असाच वागतो.

आधी केस, दात आणि वजन

विरळ जागेवर उजेड पाडून बघा. केस अर्धवट कातरल्यासारखे, खालचा गडद करडा थर उघडा, पण कातडी शाबूत असेल तर तो स्वतःचे केस स्वतःच कुरतडतोय. कातडी उघडी पडून तिच्यावर कोंडा किंवा खपली असेल, नाकाभोवती, डोळ्यांभोवती, पंजांवरही तसंच असेल, तर गजकर्णाची शंका घ्या. ते माणसालाही लागतं, तेव्हा हात धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. एका जागचा पुंजकाच्या पुंजका एकदम निघाला असेल तर कुणीतरी घाईत पकडलंय. घाबरला की चिंचिला केस सोडून निसटतो. ते परत येतात, काही महिने लागतात.

पुढचे दात नारिंगी-पिवळे असतात आणि तसेच असायला हवेत. घरचे लोक ते बघून घाबरतात. खरं तर पांढरे पडले तर काळजी करायची, कारण त्यामागे बहुतेक वेळा कॅल्शियमचा घोळ असतो. हनुवटी ओलसर, पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट, एका डोळ्यातून पाणी, गवत सोडून नुसते पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) खाणं, ही लक्षणं दाढांची. चिंचिलाचे सगळेच दात जन्मभर वाढतात, दाढासुद्धा, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट हलकं फिरवून बघा. एकसारखी कड लागली तर ठीक, दाण्यांसारखे उंचवटे लागले तर दाढांची मुळं खाली वाढताहेत. अशा वेळी तोंडाचा एक्स-रे लागतो. पिंजऱ्यात काहीही टाकलं तरी उपयोग नाही.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यात बसवून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. वाढ पूर्ण झालेला चिंचिला साधारण ४०० ते ६०० ग्रॅम भरतो. आपल्याच आकड्यापेक्षा दहावा हिस्सा कमी झाला की वाट बघू नये. लेंड्यांवरही लक्ष ठेवा. बारीक, वेड्यावाकड्या झाल्या की खाणं कमी झालंय. बारा तासांत एकही पडली नाही तर त्याच दिवशी डॉक्टर.

आपल्या भागाची हवा

चिंचिला मूळचा चिलीतल्या अँडीज पर्वताचा. तिथली हवा कोरडी आणि रात्र गार. एकेका केसमुळातून पन्नासहून जास्त केस निघतात, एवढी त्याची फर दाट असते, आणि त्याला घाम येत नाही. १९२३ साली मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण अभियंत्याने अकरा चिंचिला चिलीतून कॅलिफोर्नियाला नेले, तेव्हा त्यांना डोंगरावरून टप्प्याटप्प्याने, महिनोन्महिने घेऊन खाली उतरवलं होतं. आपण मात्र दुकानातून आणून थेट स्लॅबखालच्या खोलीत ठेवतो.

त्याला १५ ते २१ अंश सेल्सिअस मानवतं. २४ पर्यंत चालवून घेता येतं, २७ च्या पुढे उष्माघाताची भीती. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. पाळणाऱ्यांत एक हिशेब चालतो : फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा आकडा यांची बेरीज १५० च्या वर जाऊ द्यायची नाही. हिशेब सोपा आहे, पण आपल्याकडे तो दोन्ही बाजूंनी फसतो. अथणीकडची एप्रिलची दुपार घ्या. ३६ अंश म्हणजे ९७ फॅरनहाइट, आर्द्रता २०, बेरीज ११७. कागदावर बिनधोक, प्रत्यक्षात जनावर दगावेल. उलट खानापुरातली जुलैची सकाळ घ्या. २२ अंश म्हणजे ७२, आर्द्रता ८८, बेरीज १६०. या हवेत तो लगेच पडणार नाही, पण फर आतून ओलसर राहते, गुठळ्या होतात, बुरशी धरते. म्हणून बेरीज करत बसू नका. दोन्ही आकडे वेगवेगळे पाळा : तापमान २४ च्या खाली, आर्द्रता ६० च्या खाली. दोन्ही दाखवणारं छोटं मीटर पिंजऱ्याच्या उंचीवर टांगा. भिंतीवर छताजवळ लावलेलं काही कामाचं नाही.

लोक मे महिन्याला घाबरतात आणि मिरग निघाला की सुटलो म्हणतात. खरं पाहता या भागात चिंचिलाचे जास्त हाल जून ते सप्टेंबर होतात, फक्त ते सावकाश होतात म्हणून लक्षात येत नाहीत.

गच्चीवरची खोली सोडा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणजे बरोबर त्याची उठायची वेळ. तळमजल्यावरची उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची खोली बरी. जाड मातीच्या भिंतींचं कौलारू घर उन्हाळ्यात उत्तम, पावसात मात्र ओल धरतं. तिथे पिंजरा भिंतीपासून फूटभर पुढे आणि जमिनीपासून दीड फूट वर ठेवा. उन्हाळ्यात एसी २०-२२ वर, पावसाळ्यात ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र). पाण्याचा कूलर मुळीच नको, तो आर्द्रता वाढवतो. नुसता पंखा लावून समाधान मानू नका. घामच येत नाही तर वारा लागून गार काय होणार? पंखा खोलीतली हवा फिरवतो एवढंच. ज्यांना चार महिने एसी परवडणार नाही, त्यांनी हा प्राणी पाळू नये. हे कडू वाटेल, पण पिंजऱ्याच्या किमतीपेक्षा हा खर्च आधी मांडायला हवा.

हेस्कॉमची वीज वळवाच्या पावसात जाते आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. त्यासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या कायम गोठलेल्या ठेवा. त्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून जाळीला टेकवायच्या, आत नाही. आत ग्रॅनाइटचे तुकडे ठेवा. फरशीच्या दुकानात कापून उरलेले एक फूट बाय सहा इंचाचे तुकडे फुकटच्या भावात मिळतात. कडा घासून घ्या, दोन ठेवा, त्यातला एक आलटून पालटून फ्रीजमध्ये गार करून, पुसून, कोरडा आत सरकवा. तो आपणहून त्यावर पोट टेकतो. कान लालभडक झाले, आडवा पडून धापा टाकायला लागला, तर गार खोलीत न्या, कान आणि तळपाय साध्या गार पाण्याच्या फडक्याने पुसा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पिंजरा आणि फळ्या

एकट्यासाठी तीन फूट लांब, दोन फूट खोल, चार फूट उंच, हे कमीत कमी. तयार पिंजरे महाग पडतात आणि पुष्कळदा त्यांचे मजले प्लास्टिकचे असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे माप करून देईल. त्याला एवढंच नीट सांगा. एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम, अर्धा बाय एक इंच डोळ्याची वेल्डमेश जाळी, तळाला ओढून काढता येणारा पत्र्याचा ट्रे, आणि ऑइलपेंट कुठेही नको. जाळीची टोकं फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला वळवून घ्या. दार १८ इंचाचं करून घ्या. हे राहून जातं, मग १५ इंची चाक आत जात नाही आणि फ्रेम कापावी लागते. नवी जीआय जाळी व्हिनेगरच्या पाण्याने ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा. तळ जाळीचा ठेवू नका. तळपायाला घट्टे पडून ते चिघळतात.

आता फळ्या, ज्यांच्यावर त्याची निम्मी रात्र जाते. भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या, पाऊण इंच जाडीच्या, सहा इंच रुंद. प्लायवूड आणि एमडीएफ नको, त्यात चिकटद्रव्य असतं. वखारीतल्या मिसळ लाकडाचा भरवसा नाही. कारखान्यात येणाऱ्या पॅकिंगच्या पाइन पेट्या स्वस्त मिळतात. त्यांच्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. शिक्क्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं असतं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबीला हात लावू नका. आणि एचटी असली तरी मशीनच्या तेलाचा डाग किंवा वास असलेली फळी बाद, कारण तो ती शेवटच्या ढलपीपर्यंत चावणार आहे.

बसवायची पद्धत अशी. फळीच्या मागच्या कडेत दोन भोकं पाडून हँगर बोल्ट पिळा. हा एका टोकाला लाकडाचा आटा आणि दुसऱ्याला नटाचा आटा असलेला बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बोल्ट जाळीतून बाहेर काढा, जाळीच्या दोन्ही बाजूंना मोठा वॉशर, बाहेरून विंग नट. आत खिळा किंवा स्क्रूचं डोकं अजिबात यायला नको. पहिली फळी तळापासून सहा इंचावर, पुढची आणखी सहा-आठ इंचांवर पण समोरच्या भिंतीला, अशी नागमोडी वर न्या. एकीच्या बरोबर डोक्यावर दुसरी लावली तर उडी मारताना पाठ आदळते. चुकून घसरला तरी फूटभरापेक्षा खाली पडणार नाही अशी रचना हवी. मध्यभाग मात्र मोकळा सोडा, त्याला आडवी झेपही घ्यायची असते. बरेच जण फळ्या, झोके, घरं यांनी पिंजरा गच्च भरतात आणि मग तो हलत का नाही म्हणून विचारतात.

लपायला जागा हवी. इथे आपल्या भागाचा फायदा घ्या. खानापूरच्या कुंभारांकडून साधं भाजलेलं मडकं आणा, तोंड पाच-सहा इंची, रंग, काव किंवा चकाकी न लावलेलं. ते आडवं ठेवून दोन्ही बाजूंना पाइनची पट्टी लावा म्हणजे गडगडत नाही. जड असतं, गार राहतं, कुरतडलं तरी चालतं. माठासारखं ओलं करून मात्र ठेवू नका. माती मूत शोषते, म्हणून दोन मडकी ठेवा. एक वापरात, एक गरम पाण्याने धुऊन उन्हात. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पाइनचं खोकं बरं.

तळाला पाइन किंवा अस्पेनचा भट्टीत वाळवलेला जाडसर किसच हवा. वखारीतला सागवानाचा भुसा बारीक असतो, नाका-डोळ्यांत जातो. कोंबड्यांखाली घालतात ते भाताचं तूस टोकदार आणि धुळकट. फ्लीसचं कापड अंथरलं तर उत्तम, त्याचे धागे सुटत नाहीत. टॉवेल, गोधडीचे तुकडे, सुती दोरी बाहेर ठेवा. गिळलेला धागा आतड्यात अडकतो. प्लास्टिकचं घर आणि चाक आजच काढा, त्याच कारणासाठी.

चाक

आठ इंची चाक हॅमस्टरचं. त्यात चिंचिलाचा कणा उलटा वाकतो. किमान १५ इंच व्यासाचं, धातूचं, पळायची बाजू सलग पत्र्याची असलेलं चाक घ्या, आऱ्या किंवा जाळीचं नाही. त्यात पाय अडकून मोडतो. तिरकी बशीसारखी फिरकीही चालते. पारदर्शक प्लास्टिकचा पळायचा चेंडू दुकानदार हमखास दाखवतात. तो कोणत्याही वयाच्या चिंचिलाला देऊ नका, आत हवा कोंडते आणि काही मिनिटांत अंग तापतं. चाक मिळाल्यावर काही चिंचिला रात्रभर त्यावरच असतात आणि वजन उतरतं. तसं झालं तर रोज दोन-तीन तासच चाक मोकळं ठेवा.

दाताला काम

लाकूड दिलं की दातांचा प्रश्न सुटला, ही समजूत अर्धीच खरी. लाकडाने पुढचे दात झिजतात. दाढा झिजतात त्या गवत दळून दळून. म्हणून टिमोथी किंवा तत्सम लांब काडीचं वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं, रोज त्याच्या अंगाएवढा पुंजका. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण-दुभत्या मादीला, एरवी नाही, कॅल्शियम फार. जोंधळ्याच्या कडब्याची चिपाडं टोकदार असतात आणि पावसाळ्यात आतून काळी पडतात. उसाचं वाडं किंवा कांडं तर कधीच नाही. दाताला चांगलं म्हणून कांडं देणारे आहेत, पण साखरेने पोट फुगतं आणि चिंचिलाला वायू सहज बाहेर टाकता येत नाही. मनुके, शेंगदाणे, चुरमुरे, बिस्किट, कुंद्याचा कण, सगळं त्याच रांगेत.

गवत मे अखेरीस दोन-तीन महिन्यांचं घेऊन ठेवा, कापडी पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. कुबट वास आला की फेकून द्या. उन्हात वाळवून बुरशी जात नाही.

लाकूड विकत घ्यायची गरज नाही, तुती शोधा. फवारणी नसलेल्या तुतीच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या जानेवारी ते मार्चमध्ये काढा, म्हणजे वाळायला ऊन मिळतं. पानं काढा, साल ठेवा, त्याला सालच सोलायची असते. चार-पाच इंची तुकडे करून साबणाशिवाय गरम पाण्यात ब्रशने घासा, दहा मिनिटं उकळा, मग जाळीवर पसरून उन्हात तीन-चार आठवडे. तुकडा मोडल्यावर कडकन आवाज आला, आत हिरवा रंग दिसला नाही, की तयार. पावसात कापलेल्या फांद्या आतून बुरशी धरतात. घाई असेल तर ओव्हनमध्ये १२० अंशावर तासभर. सफरचंदाचं लाकूड चालतं, ते मागवावं लागतं. लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, पीच-प्लम-जर्दाळूचं, देवदार, निलगिरी, कण्हेर आणि चिकाचं कुठलंही झाड नको. आंबा आणि काजू त्यातच आले. झाड ओळखीचं आहे एवढ्यावर फांदी आत टाकू नका.

घोसाळ्याची वेलीवरच वाळलेली जाळी कुंपणावर फुकट मिळते. साल आणि सगळ्या बिया काढून, धुऊन, वाळवून अर्ध्या इंचाच्या चकत्या कापा. तुतीचे तुकडे आणि या चकत्या स्टीलच्या सळईत ओवून वरच्या फळीजवळ टांगा. हलती वस्तू पंजात धरून चावायला त्याला जास्त आवडते. तुमची जी खेळणी त्याने हुंगून सोडली, ती बहुधा रंगीत आणि तळाला पडलेली असतील.

खाणं कमवू द्या

दिवसाचे एक ते दोन मोठे चमचे साधे पेलेट्स, बिया-सुकामेव्याचं मिश्रण नाही. ते वाटीत ओतू नका. निम्मे संध्याकाळी सात-आठला वेगवेगळ्या फळ्यांवर आणि गवताच्या पुंजक्यांत पसरा. उरलेले अशा ठोकळ्यात भरा : चार इंची पाइनचा चौकोनी तुकडा, अर्ध्या इंचाची सहा-सात भोकं, इंचभर खोल. तळाला दोन पेलेट्स, वरून गवत दाबून. पहिल्या दिवशी गवत सैल ठेवा, नाहीतर नाद सोडून देतो. छपाई आणि डिंक नसलेल्या पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून दिलं तर तीही फाडत बसतो; फाडण्याऐवजी गिळायला लागला तर बंद. गवतही एका जागी न देता तीन ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर खोचा. या एका बदलाने रात्रीची चाल जेवढी वाढते तेवढी महागड्या खेळण्याने वाढत नाही. खाऊ म्हणून आठवड्यातून दोनदा घरच्या जास्वंदीचं वाळलेलं फूल किंवा ओट्सची चिमूट. बाजारातल्या हारातली फुलं नकोत, त्यांवर फवारणी असते.

पाणी उकळून गार केलेलं, विशेषतः पावसाळ्यात नळाला गढूळ येतं तेव्हा. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीची लागण याला लवकर होते. बाटलीच्या नळीतला गोळा रोज बोटाने दाबून बघा. अडकला की पाणी भरलेलं दिसतं आणि जनावर तहानलेलं राहतं.

धूळ

पाण्याने आंघोळ कधीही नाही. चिंचिलासाठी मिळणारी ज्वालामुखीच्या दगडाची बारीक धूळ दीड इंच थराने खोल भांड्यात घ्या. स्टीलचं मोठं पातेलं किंवा आडवं मडकं चालतं. आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री, दहा-पंधरा मिनिटं. दमट दिवसांत एक दिवसाआड. मग भांडं बाहेर काढा, आत राहिलं तर त्यातच मुततो आणि डोळे लाल होतात. रांगोळी, नदीची वाळू, टाल्कम पावडर, सुगंधी मुलतानी माती, यांतलं काही चालत नाही. वाळूने केस तुटतात, बाकीच्या फरमध्ये चिकटून बसतात. धूळ दमट झाली की गुठळ्या होतात. चाळून, तव्यावर कोरडी करून, पूर्ण गार करून वापरा.

बाहेर काढणं, आवाज, सोबत

रोज रात्री आठनंतर अर्धा ते एक तास बंद खोलीत मोकळा सोडा, खोली २४ अंशांच्या आत असेल तरच. वायरी उचला, कमोडचं झाकण लावा, कपाटामागच्या फटी पुठ्ठ्याने बंद करा. पाठलाग करून पकडू नका. धुळीचं भांडं पिंजऱ्यात ठेवा, तो आपणहून परततो.

बेळगावात वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, भाद्रपदात गणपती, मग दिवाळीचे फटाके. रस्त्याकडेचं घर असेल तर त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत हलवा, पण जाड चादरीने चारी बाजू झाकू नका, उकडतं. अशा रात्रीनंतर दोन-तीन दिवस केस कुरतडणं वाढतं, तेव्हा पिंजऱ्यात काही नवीन बदल करू नका.

चिंचिला कळपात राहणारा प्राणी आहे आणि जोडीदार हा सर्वांत मोठा विरंगुळा. पण एकट्याच्या पिंजऱ्यात दुसरा थेट सोडला तर जीव जाईपर्यंत भांडतात. दोन पिंजरे चार इंचांवर ठेवून काही आठवडे, मग अंथरूण आणि धूळ अदलाबदल, मग तिऱ्हाईत जागेत देखरेखीखाली भेट. दुकानदाराच्या ‘दोन्ही नर’वर विसंबू नका. मादीलाही मूत्रमार्गाचा शंकू असतो आणि तो नरासारखाच दिसतो. शंकू आणि गुदद्वार यांच्यात स्पष्ट अंतर असेल तर नर, जवळजवळ चिकटून असतील तर मादी. चुकलात तर सुमारे १११ दिवसांत पिल्लं, आणि व्याल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

तुमच्या बाबतीत क्रम

पहिल्या आठवड्यात फक्त जागा बदला, मीटर लावा, प्लास्टिक काढा, गवत आणि तुती द्या. दुसऱ्यात मोठा पिंजरा. जुनं, न धुतलेलं अंथरूण थोडं नव्यात टाका म्हणजे वास ओळखीचा राहतो. तिसऱ्यात पसरलेलं खाणं आणि ठोकळा, चौथ्यात चाक. त्यापुढे आठवड्याला एकच वस्तू बदला. सगळं एकदम बदललं की तो आठ दिवस मडक्यातून बाहेर येत नाही आणि लोक म्हणतात त्याला काहीच आवडत नाही. सुरुवातीला रात्रीचा एक तास, उदाहरणार्थ अकरा ते बारा, किती वेळा गज चावतो ते मोजून ठेवा आणि दर आठवड्याला ताडून बघा.

दीड महिन्यानंतरही आकडा तसाच राहिला, वजन स्थिर आणि हवा ठीक असेल, तर आधी दाढांचा एक्स-रे आणि तो साफ निघाला तर जोडीदाराचा विचार. डॉक्टर आजच शोधून ठेवा. आपल्याकडे बहुतेक दवाखाने गुरं आणि कुत्री बघतात, म्हणून चिंचिला किंवा निदान ससा-गिनीपिग हाताळणारे कोण आहेत हे फोनवर विचारा. बेळगावात नाही मिळाले तर गोवा आणि पुण्यातही चौकशी करा. आणि कुणीही दिलं तरी तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन पाजू नका. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यातून चिंचिला दगावतो. चिठ्ठीवर यांतलं नाव दिसलं तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना परत विचारा.